डावा हात कमरेवर

पनवेलात तेव्हा लहान मुलांना गाणं आणि नाच शिकवणारी तीन ठिकाणं होती. तिन्ही मी पालथी घातली आणि तिन्ही ठिकाणांहून घरी आल्यावर चूळ भरली. इतकी वर्षं झाली, पण लहान पोरांना रांगेत उभं करून कुणी "एक, दोन, तीन" म्हणायला लागलं की माझ्या तोंडाला तीच कडवट चव येते. नातवंडांच्या संमेलनाला मला बोलावू नका असं मी सांगून ठेवलं आहे. म्हातारी खडूस आहे म्हणतात. म्हणू देत.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मुलांना गाण्यातून शिकवावं, नाचू-बागडू द्यावं, असं मासिकांत छापून यायला लागलं होतं. मुंबईत ताजी असलेली गोष्ट आमच्याकडे पोचेपर्यंत तिला वास सुटलेला असायचा. तसाच या वर्गांनाही सुटलेला होता. पण मला वर्ग हवाच होता. त्याला कारण माझी लेक.

चार वर्षांची होत आली होती आणि बोलायची अगदी कमी. आई, दे, नको, बस्स. एवढ्यावर तिचं जग चालायचं. डॉक्टरांनी कान पाहिले, जीभ पाहिली, म्हणाले काही दोष नाही, बोलेल. बोलत नसे, पण ती वाजवायची. आमच्या घरामागे भाताची गिरणी होती. तिचा पट्टा फिरायला लागला की भिंतीतून ठोका यायचा. लेक पातेलं पालथं घालून बसायची आणि तोच ठोका धरायची. बराच वेळ धरून मध्येच एखादा ठोका मुद्दाम सोडायची आणि माझ्याकडे बघायची. तो सोडलेला ठोका मला कळला की नाही, हे तिला हवं असायचं. मी मान हलवली की खुदकन हसून पुढे. मग तिची मान, खांदे, पाय सगळं त्या ठोक्यात जायचं. आमचं मायलेकींचं बोलणं ते तसं होतं. ते बोलणं बुजू नये, वाढावं, एवढ्याचसाठी मला वर्ग हवा होता.

आणि ती वाजवायची डाव्या हातानं. जेवायचीही डाव्यानं, खडूही डाव्यात. सासूबाईंना ते बघवत नसे. देवापुढचा प्रसाद तिनं डावा हात पुढे करून मागितला की त्या प्रसाद मागे घ्यायच्या. "उजवा," म्हणायच्या. लेक त्यांच्याकडे बघत राहायची आणि हात तसाच पुढे. मग प्रसाद परत तबकात. देवाला काही वाटत असेल असं मला वाटत नाही, पण सासूबाईंना फार वाटायचं.

मागच्या दारी मासळी घेऊन येणारी कोळीण होती, तिनंही एकदा निरखलं. बोंबील मोजता मोजता म्हणाली, "वयनी, पोर डावखोरी हाय तुमची. सासरला कोन ठेवील तिला?"

मी म्हटलं, "अजून तिचे दुधाचे दात पडले नाहीत, सासर कुठं काढतेस."

"आमचेकरं अशीच व्हती एक. तिचे हाताला चटका दिला आयशीनं. मंग वलला हात. आता बेस हाय." हे ती इतक्या मायेनं सांगत होती की मला बोंबिलांकडे बघवेना. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चटका नको बाई, पण काहीतरी करायला हवं." त्या दिवशी मी जेवले नाही.

आमचे हे कचेरीत होते. स्वभावानं मऊ. आवाज चढवणं नाही, हात उगारणं नाही. शेजारच्या बायका मला भाग्यवान म्हणायच्या. एका संध्याकाळी मी वर्गाचा विषय काढला. वाटलं होतं, एवढ्या लहान पोरीला कसला वर्ग, असं म्हणतील. पण हे म्हणाले, "बघ की एखादा चांगला." सासूबाई म्हणाल्या, "चार पोरांत बसेल, वळण लागेल." माझ्या एखाद्या गोष्टीला त्या घरात इतका चटकन होकार मिळाल्याचं मला आठवत नाही. मी आपली खूश.

पहिला वर्ग देवळाच्या सभामंडपात. शिकवणारे बुवा, गळा गोड म्हणून ख्याती. असेलही, पण त्या गळ्यातून गाण्यापेक्षा तंबाखूचा रस जास्त बाहेर यायचा. शेजारी पत्र्याचा डबा. दर ओळीनंतर बुवा त्यात थुंकायचे, पंच्यानं तोंड पुसायचे आणि त्याच पंच्यानं पेटीच्या पट्ट्या पुसायचे. समोर पोरं हाताची घडी घालून बसलेली. नाकाखाली शेंबूड आणि गात होती काय, तर हा देह नाशिवंत आहे, याचा मोह धरू नये. ज्यांना अजून स्वतःची चड्डी सोडता येत नाही ती पोरं देहाचा मोह सोडत होती.

मी विचारलं, "मुलं हातपाय कधी हलवतात?"

"हातपाय हलले की सूर हलतो," बुवा म्हणाले. मग त्यांनी लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. "गोड आहे." तिच्या हनुवटीवर तांबूस बोट उमटलं. घरी आणून मी ते साबणानं घासलं, तर ती रडायला लागली, आणि सासूबाई म्हणाल्या, देवाधर्माच्या माणसाचं एवढं काय घाण वाटायचं. मला ती घाणच वाटली.

दुसरी जागा बाजाराच्या बाजूला. तिथं गणपतीच्या मेळ्यासाठी पोरी तयार करत. मास्तर कुठल्याशा नाटक कंपनीत नाचाचं काम करून आलेला, केसांना तेल इतकं की सदऱ्याच्या कॉलरचा रंग बदललेला. पाच-सहा वर्षांच्या पोरी. ओठांना लाली, गालांना लाली, भुवया काजळानं कानापर्यंत नेलेल्या. मास्तर त्यांना मान वेळावून बघायचं कसं, लाजायचं कसं, पदर दातांत धरायचा कसा, ते शिकवत होता. ज्यांना पदर म्हणजे काय ते माहीत नाही त्या पोरी हातरुमाल दातांत धरून लाजत होत्या. समोर पानवाल्याच्या फळीवर चार बाप्ये बसून बघत होते. एकानं "वा" म्हटलं, तर मास्तरानं तो नखरा पुन्हा करून दाखवायला लावला.

मला वाटलं, आयांना हे कळत नसेल. तर आया तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या, काजळाच्या डब्या घेऊन. एकीनं मला जागा करून दिली, लेकीकडे पाहिलं आणि दिलासा दिला, "सावळी आहे, पण पावडरीखाली काही कळत नाही हो." मी उठले. लेकीला कडेवर घेऊन बाजारातून इतक्या झपाझप चालले की चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल हातात घेऊन घरी आले. पोरींची कीव आली असं मी म्हणायला हवं. पण खरं सांगायचं तर आधी किळस आली आणि कीव फार उशिरा आली.

मग उरली ती बाईंची माडी. तांदळाच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीवर ती माडी होती. खाली कोंड्याचा वास, वर फिनेलचा. बाई दादरला बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करून आलेल्या. पांढरं पातळ, पाठीवर एकच वेणी, आणि बोलणं असं की जिलबीचा पाक बोटांवरून ओघळावा. मला एरवी अशी गोड माणसं चालत नाहीत. पण भिंती स्वच्छ होत्या. पोरं स्वच्छ होती. खिडक्यांत कागदाची फुलं लावली होती. कोपऱ्यात छडी नव्हती, मी मुद्दाम पाहिलं. आणि पोरं चक्क उभी होती, हलत होती.

"आम्ही मारत नाही," बाई म्हणाल्या. "बालमन कळीसारखं असतं."

"माझी बोलत नाही फारशी," मी म्हटलं. "पण ठोका धरते. पातेलं वाजवते."

"वाजवू दे की. आमच्याकडे खुळखुळे आहेत." त्यांनी तिच्या हातात एक लाकडी खुळखुळा दिला. लेकीनं तो डाव्या हातात घेतला, कानाशी नेला, हलवला, आणि पेटीवर चाललेल्या गाण्यात बरोबर सापडली. मध्येच एक ठोका सोडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाई हसल्या. मी तिथल्या तिथे ठरवलं.

फक्त एक नियम होता. आयांनी वर्गात बसायचं नाही. "आया बसल्या की मुलं लाडावतात," बाई म्हणाल्या. खाली जिन्याशी सोडायचं, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की न्यायला यायचं. मला ते पटलं नाही, पण बुवा आणि मास्तर बघून आलेल्या बाईला एवढं चालून जातं.

पहिल्या आठवड्यातच लेक पोलक्याच्या बाहीवर फूल लावून घरी आली. कागदाचं, गुलाबी, खिडकीत होतं तसं. वर्गात शहाण्यासारखं वागलं की बाई फूल देतात, असं शेजारणीच्या मुलाकडून कळलं. त्याला एकदाही मिळालं नव्हतं, आमच्या लेकीला रोज. घरी आली की मी ते अलगद काढायची आणि फडताळात ठेवायची. फडताळाचा खण गुलाबी झाला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उघडून दाखवायच्या. मीही दाखवला आहे, नाही असं नाही. घरात तेव्हा सगळे खुशीत होते. सासूबाई म्हणायच्या, वर्ग मानवला पोरीला. हे म्हणायचे, मी म्हटलं नव्हतं?

फक्त पातेलं वाजेना. गिरणी सुरू व्हायची, भिंतीतून ठोका यायचा, आणि लेक पायरीवर बसून राहायची. वर्गात दमते, असं मी स्वतःला सांगितलं. दोनदा पातेलं पालथं घालून तिच्यापुढे ठेवलं. तिनं उजव्या हातानं दोन-चार थापा मारल्या, ठोक्याच्या पुढेमागे, लंगड्या, आणि पातेलं सरळ करून ठेवलं.

कपडे मी विहिरीवर धुवायची. तिची पोलकी मीच शिवलेली, चिटाची, बाही कोपरापर्यंत. एक दिवस पोलकं पिळून झटकलं तर बाहीच्या काठाला तांबूस ठिपका दिसला. गंजाचा. नीट बघितलं तर दोन बारीक भोकं. फुलाची पिन, दुसरं काय. वाळत घालताना मात्र डाव्या कुशीच्या शिवणीवर तशीच भोकं दिसली, तशीच तांबूस. कुशीवर फूल कुणी लावत नाही. मी दुसरं पोलकं बघितलं. त्यालाही बाहीवर भोकं, कुशीवर भोकं. मी ती बाही दुमडून कुशीला लावली. भोकांवर भोकं बरोबर बसली.

लेक शेजारीच दगडावर बसली होती. मी विचारलं, "बाई फूल कसं लावतात गं?" तिनं डावं कोपर अंगाशी घट्ट आणलं आणि हलायची थांबली. पिन टोचू नये म्हणून माणूस थांबतं तशी. तिला सवय झालेली होती. तोंडावर रडू नव्हतं, तक्रार नव्हती. मी खरोखरच ओकले, विहिरीच्या कडेला, धुतलेल्या कपड्यांवर.

दुसऱ्या दिवशी तिला जिन्याशी सोडलं आणि निघून गेल्यासारखं केलं. मग चपला काढून वर चढले. दार लोटलेलं होतं. बाई पेटीवर बसून म्हणत होत्या, "डावा हात कमरेवर, उजवा हात वर." पोरं गोलात फिरत होती, एक हात कमरेवर, एका हातात खुळखुळा. माझ्या लेकीचा हात कमरेवर नव्हता, तो कुशीला पिनेनं टाचलेला होता आणि वर गुलाबी फूल होतं. उजव्या हातातला खुळखुळा वाजत होता, पण गाण्याच्या मागून. ज्या पोरीला गिरणीचा ठोका चुकवून दाखवता येत होता, तिला साधा पेटीचा ठोका सापडत नव्हता. आणि ती हसत होती. शहाण्या मुलीनं हसावं असं शिकवलेलं हसू.

मी आत गेले आणि पिन काढली. पोरं थांबली. बाई उठल्या, जराही गडबडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे असं मी समजत होते. तुमचे यजमान पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेले."

"काय सांगून गेले?"

"डावा हात मोडायचा आहे म्हणून. पण मारायचं नाही, रागवायचं नाही, असं बजावून सांगितलं हो त्यांनी. फार हळवे आहेत. म्हणून मी ही युक्ती काढली. मुलीला बांधल्यासारखं वाटतच नाही, बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं." त्या खरोखर कौतुकाची वाट बघत होत्या. बुवांच्या थुंकीला वास होता, मास्तराच्या तेलाला वास होता. या बाईला कसलाच वास नव्हता. तीच मला सगळ्यांत घाण वाटली, आणि त्याहून घाण जे वाटलं ते माझ्या घरात माझ्या शेजारी झोपत होतं.

लेकीला घेऊन मी घरी आले. फडताळातली फुलं चुलीत घातली. सासूबाईंनी विचारलं, काय करतेस, तर म्हटलं, आवरते आहे.

हे संध्याकाळी आले. पाय धुऊन पाटावर बसले. शेजारी लेकीचा छोटा पाट, पलीकडे सासूबाई. मी समोर उभी राहून विचारलं, "तुम्ही बाईंना भेटलात?"

यांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नव्हतं. "भेटलो. मग? कुणी मारलं का तिला?"

"टाचून ठेवायची तिला. कापडाला पिन मारून."

"फूलच लावायच्या ना," हे शांतपणे म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं नसतंस. उद्या सासरी डाव्या हातानं वाढायला लागली म्हणजे बोल कुणाला लावतील, तुला की मला? तिलाच ना? तिच्या भल्यासाठीच केलं."

सासूबाई म्हणाल्या, "चटके देतात लोक. आपण फुलं दिली. आणि वळला की हात. बघ जरा तिच्याकडे."

मी बघितलं. लेक पाटावर मांडी घालून बसली होती, डावा हात मांडीत, उजवा ताटाशी, आणि वरणाची वाट बघत होती. कुणी "उजवा" म्हणालं नव्हतं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. यांच्याही चेहऱ्यावर तेच, जरा मऊ करून. रागापेक्षा मला त्या दोघांची शिसारी आली. एका चांगल्या, न मारणाऱ्या, न ओरडणाऱ्या घराची आली. इतक्या सोज्वळ माणसांशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं, ते मला सुचेना.

मग मी भाताचं पातेलं घेतलं. पळी डाव्या हातात धरली. सासूबाईंना वाढलं, त्यांनी हात ताटावरून मागे घेतला. यांना वाढलं. पळी ताटाला लागली तसे हे मान वर करून माझ्याकडे बघायला लागले आणि बघतच राहिले. त्या घरात डाव्या हातानं ताटात अन्न पडण्याची ती पहिलीच वेळ असावी. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. यांना उठावं लागेल किंवा जेवावं लागेल, आणि दोन्ही मला चालणार होतं.

शेवटी मी लेकीकडे वळले. तिला मी दाखवणार होते, आईचाही डावा हात चालतो, बघ. भात तिच्या ताटात पडण्याआधी तिनं माझ्या मनगटाला हात लावला. त्या पोरीनं तोवर दोन शब्द एकत्र जोडल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "आई, त्या हातानं नाही वाढायचं."

स्वच्छ म्हणाली, एकही अक्षर न अडखळता, बाईंच्या आवाजात. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नात बोलली म्हणून. आणि लेक पाटावरून उठली, माझ्याजवळ आली, माझं डावं कोपर दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्या कुशीशी घट्ट दाबून उभी राहिली.